हिराच्या मापाचा बूट

मित्रांनो, जरा मान वर करा. फणसाच्या बुंध्याकडे पाहू नका, तिथे फक्त फणस आहेत. त्याच्या वर, पहिली जाड फांदी फुटते तिथे, काहीतरी मळकट आणि उलटे लटकलेले दिसते ना? तोच मी. मी एक जुना कॅनव्हासचा बूट आहे. उजव्या पायाचा.

फळांनी लगडलेल्या झाडाला दृष्ट लागू नये म्हणून आमच्या इन्सुली गावात जुने पायताण उलटे टांगून ठेवतात. घरच्या अक्काने मला इथे टांगले त्याला बरीच वर्षे झाली. तिने माझ्याच नाड्यांनी मला बांधले आणि गाठ अशी मारली की ती अजून कोणत्याही वाऱ्याला सुटलेली नाही. बूट जन्माला येतो तो जमिनीवर चालण्यासाठी. मी मात्र टाच आकाशाकडे करून लोंबकळतो आहे. ही तक्रार नव्हे. अडकून पडणे म्हणजे काय, हे मला इतक्या तऱ्हांनी कळले आहे की त्याबद्दल चार शब्द सांगावेत असे वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड सुती कापड कापून आणि शिवून माझे वरचे अंग तयार झाले. मग ते एका लाकडी पायावर ओढून, ताणून बसवले. ज्याच्यावर बूट घडतो त्या लाकडी पायाला कलबूत म्हणतात. खाली रबराचा तळ चिकटवला, कडेने रबराची पट्टी फिरवली, पुढच्या टोकावर रबराची टोपी चढवली आणि मला भट्टीत कोंडले. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ताठरते. त्यात गंधक मिसळून तापवले की ते टिकाऊ होते आणि दिलेला आकार सोडत नाही. मीही सोडला नाही. भट्टीतून बाहेर आलो तेव्हा मी कायमचा त्या कलबुतासारखा झालो होतो.

ते कलबूत म्हणजे मी पाहिलेला पहिला पाय. गुळगुळीत, पुढे निमुळता होत गेलेला. त्याची बोटे वेगळी नव्हतीच. तो पाय कधी चिखलात उतरला नव्हता, कधी बांधावरून घसरला नव्हता. पण मला दुसरा पाय ठाऊक नव्हता. जगातले सगळे पाय असेच असणार, असे मी धरून चाललो.

नंतर मला आणि माझ्या डाव्या भावाला एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकाचे तोंड दुसऱ्याच्या टाचेकडे करून, बंद करण्यात आले. मुंबईत परळच्या एका दुकानाच्या फळीवर आम्ही किती काळ अंधारात पडून होतो कोण जाणे. एका संध्याकाळी झाकण उघडले. आता पाय येणार म्हणून मी आतून ताठ झालो. आणि माझ्यात एक काडी शिरली.

"हे काय?" दुकानदाराने विचारले.

"माप," समोरचा माणूस म्हणाला. "माझ्या बहिणीच्या पायाचं."

"अहो, माणसाला घेऊन या की. काडी कसली आणता?"

"बहीण इन्सुलीक आसा," तो माणूस घाईघाईत आपल्या बोलीवर आला. "पाय हय कसो आणू? पार्सल करून?"

दुकानदार हसला. तो माणूस हसला नाही. त्याचे नाव बाबली. तो गिरणीत फिटर होता, आणि मापाच्या बाबतीत थट्टा त्याला खपत नसे.

ती काडी म्हणजे नारळाच्या झावळीतला हीर, ज्याचा खराटा बांधतात तो. आमच्या भागात मुंबईहून चप्पल मागवायची झाली की टाचेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत हीर धरायचा, तिथे मोडायचा आणि मुंबईला निघालेल्या माणसाच्या खिशात द्यायचा. ही पद्धत जुनी आणि चप्पलेपुरती अगदी बरोबर. चप्पल पुढून उघडी असते, बाजूंनीही उघडी असते. लांबी जमली की बाकी पाय आपापली जागा करून घेतो. चतुर्थीच्या सुट्टीत बाबलीने आपल्या बहिणीला, मथुराला, ओट्याच्या पायरीवर बसवले, पाय पुढे करायला लावला आणि हीर मोडून रुमालात बांधला. हिराने त्याला लांबी सांगितली. रुंदीचे हिराला कोणी विचारलेच नव्हते.

हिराचे एक टोक माझ्या टाचेला टेकले आणि दुसरे माझ्या पुढच्या टोपीला. मध्ये केसाचीही फट राहिली नाही.

"बघा, मशीनसारखं बसलं!" बाबली म्हणाला.

"पुढे थोडी जागा ठेवतात हो," दुकानदार म्हणाला.

"आणि सैल बुटात अडखळून ती पडली तर? धावायला पाहिजेत बूट. नवरीला मिरवायला नव्हेत."

अशा रीतीने आम्ही खोक्यातून निघून त्याच्या ट्रंकेत गेलो. शिमग्याला त्याला थोडी रजा मिळाली. बोटीने वेंगुर्ल्याला, तिथून एस.टी.ने सावंतवाडी, आणि पुढे इन्सुली. साऱ्या प्रवासात एका साबणाच्या वडीखाली मी दबून होतो.

आता मथुराबद्दल सांगतो, कारण माझी गोष्ट खरे तर तिचीच आहे. आईवडील लहानपणीच गेले. वडिलांच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, या दोघा भावंडांना भातशेतीवर आणि चार काजूंच्या झाडांवर वाढवले. सकाळी गुरांचे सगळे आटोपून मथुरा बांद्याच्या शाळेला निघे, तोवर नेहमीच उशीर झालेला असे. म्हणून ती धावत जाई. मॅट्रिक होईपर्यंत ती अशी रोज धावली. शाळेतल्या मास्तरांच्या ते डोळ्यांत भरले होते. मुलींना व्यायाम शिकवणाऱ्या शिक्षिका तयार करणारा एक अभ्यासक्रम होता, वसतिगृहासकट. त्याची निवड मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या मैदानावर व्हायची होती. उमेदवारांनी अर्धा मैल धावायचे, आणि तेही पांढरे कॅनव्हासचे बूट घालूनच.

अक्काने यावर आपला निकाल आधीच देऊन ठेवला होता.

"निवड झाली तर जा. मी आडवी येवचंय नाय. पण नाय झाली तर शिरोड्याच्या त्या स्थळाक होकार कळवतलंय. मगे रडूचा नाय हां."

"रडूचंय नाय," मथुरा म्हणाली. तिने तो सौदा मानला होता. शिरोड्याचा मुलगा वाईट नव्हता. माडाच्या बागा होत्या. पण मथुराला दुसऱ्याच्या अंगणात पाय दुमडून बसायचे नव्हते. तिला धावायचे होते, आणि दुसऱ्यांना धावायला शिकवायचे होते.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी बाबलीने ओट्यावर खोके उघडले तेव्हा निम्मी वाडी जमली होती. बाईमाणसाचे धावायचे बूट त्या वाडीने पाहिले नव्हते. शेजारची सुगंधा सगळ्यांत पुढे होती. तिच्या जिभेला धार लावायची कधी गरज पडत नसे.

"गो मथुरा, आता भाताच्या लावणीक पण बुटां घालून उतर! चिखल तुका नमस्कार करतलो."

सगळे हसले. मथुराही हसली आणि तिने मला हातात घेतले. मग तिचा पाय माझ्यात शिरू लागला.

मित्रांनो, त्या क्षणी मला कळले की मला पायांविषयी काहीच ठाऊक नव्हते. हा पाय पुढे निमुळता होत नव्हता. तो पुढे पसरत होता. जन्मभर चिखल धरून, बांध धरून चाललेली पाची बोटे पंख्यासारखी फाकली होती, आणि करंगळी तर जरा लांबच उभी होती. टाच आत गेली. चवडा माझ्या बाजूच्या कापडावर अडला. तिने जोर केला. करंगळी शेजारच्या बोटाखाली दुमडली गेली, अंगठा माझ्या रबरी टोपीवर आदळून थांबला, आणि मी चहूबाजूंनी तट्ट फुगलो. पाय माझ्यात अडकला. खरे सांगायचे तर मीही त्याच्यात तितकाच अडकलो.

"कसे आसत?" बाबलीने विचारले. तो तिच्या पायाकडे नव्हे, तोंडाकडे पाहत होता.

सुगंधाने मान पुढे काढली.

"बरे आसत," मथुरा म्हणाली. "एकदम बरे."

"मी सांगितलंय मा!" बाबली सगळ्यांकडे वळून म्हणाला. "हिराचा माप कधी चुकत नाय!"

रजा संपली, तो गेला. आणि मथुराचे ते ‘एकदम बरे’ आम्हा दोघांना भोगावे लागले.

रोज उजाडताना ती अक्काचे नऊवारी लुगडे काष्टा घालून नेसायची, हिरवे, धुऊन विटलेले, आणि रस्त्याला लागायची. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते आणि हद्द बंद होती. आमच्या रस्त्यावर पोलिसांची चौकी होती आणि रस्त्यावर बांबूचा अडसर आडवा टाकलेला असे. मथुरा अडसरापर्यंत धावायची, त्याला हात लावायची आणि परत फिरायची. रस्ता पुढे जात असे. आम्ही जात नसू.

चौकीवर हरिश्चंद्र नावाचे एक हवालदार होते, घाटावरचे. त्यांना सकाळच्या पारी करमणूक अशी एवढीच.

"काय मथुराताई, आज गोव्यात शिरणार वाटतं?"

"माका खंय होया गोवा? माका वेंगुर्ला होया!" असे म्हणून ती वळायची.

जाताना रस्ता चढाचा होता आणि येताना उताराचा. उतारावर प्रत्येक पावलाला पाय माझ्यात पुढे सरकायचा आणि अंगठ्याचे नख टोपीवर आपटायचे. मग ती नाड्या आणखी आवळायची. त्याने पाय पुढे सरकणे थांबले नाही. उलट पायाला मुंग्या येऊ लागल्या. आधी टाचेवर फोड आला. मग अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळून ते काळे पडले. मग करंगळीवर कुरूप धरले. बोटांवर भार पडू नये म्हणून मथुरा नकळत पावलाच्या बाहेरच्या कडेवर पडू लागली. दुखणे काही एका जागी थांबत नाही. बोटे वाचवायला पाऊल वाकडे झाले, आणि पाऊल वाकडे पडल्याने नडगी ठणकू लागली. मला हे सगळे आतून कळत होते. माझ्या तळाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लवकर झिजत होती. पण रबराला तोंड नसते.

तिने उपाय केले नाहीत असे नाही. खोबरेल चोळले, कापूस कोंबला. अक्काने आपला उपाय सांगितला. तिच्या ओळखीत कोणाचे तरी कातड्याचे जोडे भिजवलेले चणे भरून सैल केले होते, चणे फुगले की जोडा फुगतो. त्याप्रमाणे आम्हा दोघांत भिजवलेले चणे ठासून भरले आणि वर फडके बांधून आम्हाला चुलीमागे ठेवले. चणे फुगले खरे. पण कातडे ताणले की ताणलेलेच राहते. कापडाभोवती रबराची पट्टी असली की ते पुन्हा आपल्या जागी येते. त्यात नात्यातल्या एका लग्नाचे आमंत्रण आले आणि दोघीही आम्हाला विसरल्या. फडके सोडले तेव्हा माझ्यातून बोटभर लांब मोड बाहेर डोकावत होते.

"गे बाये माज्ये," अक्का म्हणाली. "बूट व्यायलो!"

ती उसळ माणसांपैकी कोणी खाल्ली नाही. कोंबड्यांनी खाल्ली. मी जसा होतो तसाच राहिलो.

एका सकाळी हरिश्चंद्र हवालदारांनी थट्टा केली नाही.

"लंगडताय. काटा मोडलाय का?"

"नाय. बुटांची सवय होवची आसा अजून."

"कोणाला कोणाची सवय व्हायचीय?" ते सहज म्हणाले. पण ती वळून चालू लागली होती. त्या दिवशी ती परत धावत आली नाही, चालत आली. घराजवळ आल्यावर मात्र, सुगंधाच्या अंगणासमोरून, ती पुन्हा धावली. तेवढे अंतर मला सगळ्यांत लांब वाटले.

निवड जवळ आली होती. मे महिन्याचे ऊन जांभ्या दगडाला तापवत होते. मथुरा दुपारी विहिरीवर अंघोळीला गेली आणि घामाने भिजलेल्या आम्हा दोघांना तिने धोंड्यावर वाळत ठेवले. म्हणून पुढचे सगळे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

काठावरून उतरून ती कोरड्या जांभ्यावर आली आणि तिच्या ओल्या पायाचा ठसा उमटला. ती तो पाहत उभी राहिली. मग काहीतरी सुचल्यासारखे तिने मला उचलले आणि त्या ठशावर ठेवले. ठसा माझ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला होता. बाहेरच्या बाजूला तर जवळजवळ अख्खी करंगळी. इतके दिवस तो पाय मी आतून ओळखत होतो. बाहेरून आज पहिल्यांदा पाहिला. केवढा मोठा, केवढा मोकळा होता तो!

ऊन इतके होते की ठसा पाहता पाहता आटून गेला. मथुरा धावत जाऊन न्हाणीच्या चुलीतला कोळसा घेऊन आली. पाय पुन्हा भिजवला. या वेळी ती आधी धोंड्यावर बसली, बाबलीने बसवले होते तशी, आणि पाय नुसता टेकवला. ठशाभोवती कोळसा फिरवला. मग त्याच्या शेजारी पूर्ण भार देऊन उभी राहिली आणि दुसरा ठसा आखला. बसलेला पाय अरुंद होता. उभा पाय रुंद होता, आणि थोडा लांबही. शेवटी त्या उभ्या पायाच्या आत तिने मला ठेवले आणि माझ्याभोवतीही रेघ काढली.

"काय करतंस गो भर उन्हात?" अक्का कळशी घेऊन आली. "रांगोळी?"

"अक्का, बघ. बसल्यावर पाय बारीक आनी उभ्या रवल्यावर मोठो."

"मगे? भार पडलो की पाय पसारतलोच." मग अक्काची नजर तिसऱ्या रेघेवर गेली. ती वाकून पाहू लागली. "आणि ह्यो बूट? अगो, सूप पेटयेत घालूक बघतंस तू! बाबलीक सांग."

"बाबलीक कसा सांगू?" मथुरा म्हणाली आणि तिने माझ्यातला घाम फडक्याने पुसायला घेतला. फडके पुढच्या टोकापर्यंत जात नव्हते. तरी ती पुसत राहिली.

तिला सांगावे लागलेच नाही. घर शाकारायला आणि तिला वेंगुर्ल्याला न्यायला बाबली मेच्या रजेवर आला आणि प्रवासाची धूळ काढायला थेट विहिरीवर गेला. पाऊस नव्हता, कोळशाच्या रेघा तशाच होत्या. तो फिटर माणूस, आराखडे वाचण्यात त्याचा जन्म गेला. डोक्यावर पाणी न घेताच तो परत आला.

"ता कोणी काढलाहा?"

"मी," मथुरा म्हणाली.

"भायलो तुजो पाय. आतलो माजो बूट."

तो तिच्या समोर बसला आणि तिने मागे घेतलेला पाय त्याने पुढे ओढून पाहिला. काळे नख, टाचेवरची खपली, दुमडलेली करंगळी.

"सांगूक नाय कित्याक?"

"तू अख्ख्या वाडीक सांगितलंस, हिराचा माप चुकत नाय म्हणान."

"गिरणीत असो जोड कोणी बसवलो असतो," बाबली हळूच म्हणाला, "तर मी त्याका भायर काढलो असतंय." मग तिचा पाय खाली ठेवत, "बूट मी आणलंय. पाय काय माजे नाय."

दुसऱ्या दिवशी तो सावंतवाडीला जाऊन आला. दुकानांत शाळेतल्या पोरांच्या मापाचे बूट होते, तिच्या मापाचे नव्हते. निवड परवावर आली होती.

"आता तोंडां पाडून बसू नकात," अक्का म्हणाली. "आडाळो आणू?"

आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी. तिचे पाते हलत नाही, वस्तूच पात्यावर न्यावी लागते. बाबलीने आडाळ्याची फळी पायाखाली दाबून धरली. मथुराने मला उचलले. माझ्या अंगावर कोळशाची खूण होती, करंगळी जिथे अडायची अगदी तिथे. तिचे हात थांबले.

"काप," बाबली म्हणाला.

"नवे आसत अजून."

"काप गो."

भट्टीत कोंडले तेव्हा जी भीती वाटली होती तीच मला पुन्हा वाटली. पाते कापडात शिरले, रबराच्या पट्टीशी कुरकुरले आणि पार झाले. मग पुढची टोपीही वरून उभी चिरली. आणि माझ्या टोकाला, जिथे जन्मापासून कधी उजेड गेला नव्हता, तिथे उजेड आला. अक्काने आपल्या हिरव्या लुगड्याचा तुकडा घेतला आणि चिरांत दुहेरी चुणी घालून शिवला, म्हणजे पाय पसरला की चुणी उघडावी आणि उचलला की मिटावी. डाव्यालाही तेच केले. मथुराने आम्हाला घातले, उभी राहिली आणि आतल्या आत पाची बोटे हलवून पाहिली. मला गुदगुल्या झाल्या. एवढ्या दिवसांत तिची बोटे माझ्यात पहिल्यांदाच हलली होती.

वेंगुर्ल्याच्या मैदानावर समुद्राकडून वारा येत होता. इतर मुलींचे बूट खडूने पांढरेशुभ्र केलेले होते. परीक्षक नर्मदाबाई एकेकीचे पाय पाहत आल्या आणि आमच्यापाशी थांबल्या. बाबली दोरीपलीकडे उभा होता, छत्रीची मूठ पिळत.

"हे काय केलंयत बुटाला?"

"पायाला बसत नव्हता, बाई," मथुरा जपून शाळेतल्या मराठीत म्हणाली. "पाय कापता येत नाही, म्हणून बूट कापला."

शेजारची मुलगी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या, अंगठ्याने माझे टोक दाबून पाहिले आणि आत किती जागा आहे ते चाचपले.

"माप कोणी घेतलं होतं?"

"भावाने, मी बसलेली असताना. नंतर मी उभ्याने घेतलं. तेव्हा कळलं."

"सकाळी की संध्याकाळी?"

"दुपारी," मथुरा म्हणाली.

"दिवसभर उभं राहून पाय संध्याकाळी आणखी फुगतात. पुढच्या वेळी तेव्हा घ्या." बाई उठल्या. "हे बूट पांढरे आहेत बऱ्यापैकी. उभ्या राहा रांगेत."

शिट्टी झाली. पहिल्या फेरीत ती मागे होती. नडगी अजून दुखत होती. तिने दुखावलेल्या पायावर सरळ पाऊल टाकायचे सोडलेले असल्यामुळे सवयीने ते वाकडेच पडू लागले. मी माझ्या परीने तिला सांगत होतो, आता बोटांना जागा आहे, टाक सरळ. दुसऱ्या फेरीत तिला ते कळले असावे. पाऊल सपाट पडले, चुणी उघडली, चवडा पसरला आणि बोटांनी जमीन धरली, बांध धरावा तशी. एक मुलगी मागे पडली. मग आणखी एक. शेवटच्या वळणावर अक्काचा टाका उसवला आणि हिरवे कापड फडफडू लागले. दोरीपलीकडून एक आवाज ऐकू आला, "धाव गोऽ मथुरा!" तो मुंबईच्या फिटरचा नव्हता, इन्सुलीतल्या बाबलीचा होता.

ती पहिली आली नाही. दुसरीही नाही. नर्मदाबाईंनी निवडलेल्यांची नावे मोठ्याने वाचली. एकेक नाव होत गेले आणि मथुराचे नाव येईना. ती माझ्याकडे पाहत होती. शेवटचे नाव तिचे होते.

बाबलीची छत्री मोडली होती. मूठ त्याच्या हातात राहिली होती.

पावसाच्या आधी ती निघाली. वाटेत मुंबईला बाबलीने तिला त्याच दुकानात नेले. चतुर्थीला येऊन त्याने ते अक्काला सांगितले तेव्हा मी दारामागे खिळ्याला होतो. दुकानदाराने दोघांकडे पाहून विचारले म्हणे, "आणलात का पाय?" मथुरा संध्याकाळी गेली होती, आणि तिने उभ्यानेच माप दिले. अंगठ्याचे ते नख मात्र पुन्हा कधी सरळ उगवले नाही. आजही ते एका बाजूने जाड आहे.

माझ्या डाव्या भावाला ती सोबत घेऊन गेली. मला अक्काने ठेवून घेतले, आणि पुढच्या वर्षी फणस फार धरला तेव्हा इथे टांगले. पुढच्या हिवाळ्यात गोवा मोकळा झाला आणि चौकीवरचा बांबू निघाला. तो रस्ता आता पुढे कुठे जातो ते मी पाहिलेले नाही. इथून फांद्या आड येतात.

पण सगळेच नजरेआड जात नाही. मथुराबाई आता वेंगुर्ल्याच्या शाळेत मुलींना शिकवतात. मेच्या सुट्टीत घरी येतात, तेव्हा या फणसाखाली बसतात. गेल्या सुट्टीत सुगंधा आली. मागे तिची लेक विमला.

"गो मथुरा, माज्या चेडवाक पण बुटां होयी. ह्या बघ, माप आणलंय." आणि तिने ओच्यातून हीर काढला.

मथुराबाई इतक्या हसल्या की खारी पळाल्या.

"हीर खराट्याक ठेव. गो विमला, हय ये. संध्याकाळी येवचा हां, आता नाय. कागद आण, उभी रव, दोन्ही पायांवर सारखो भार दी. दोन्ही पाय मापतलंय."

"दोन्ही कित्याक? दोन काय वेगळे आसत?" सुगंधा म्हणाली.

"बघतलंस तू."

संध्याकाळी बघितले. विमलाचा डावा पाय उजव्याहून मोठा निघाला. मथुराबाईंनी पिशवीतून माझ्या डाव्या भावाला बाहेर काढले आणि त्याची चीर विमलाला दाखवली. मोठ्या पायाचे माप धरायचे, उभे राहिल्यावर अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहायला हवी, आत बोटे हलली पाहिजेत, टाच मात्र उचलता कामा नये. घेतल्या दिवशी लांब धावायचे नाही, आधी घरात घालून फिरायचे. आणि बूट कोणीही प्रेमाने आणलेला असला तरी दुखला तर दुखतो म्हणून सांगायचे. हे शेवटचे बोलताना त्यांची नजर विमलावर नव्हती, वर माझ्यावर होती.

माझ्या डाव्या भावानेही एकदा वर पाहिले. मी खाली पाहिले. तेवढेच.

माझ्यातले हिरवे कापड कधीच कुजून गेले. चीर राहिली. दोन वर्षांपासून दयाळ पक्ष्यांची एक जोडी माझ्यात घरटे करते. इतकी झाडे सोडून ती माझ्याकडे का येते, याचा मी विचार केला. पावसाचे पाणी माझ्यात साचत नाही, आडाळ्याने केलेल्या त्या चिरेतून ते वाहून जाते, म्हणून पिल्ले कोरडी राहतात. अखंड बुटात ती बुडाली असती.

म्हणून मित्रांनो, बूट घ्यायला जाल तेव्हा पायालाही सोबत न्या. त्याला उभे करा, त्याला विचारा, आणि तो म्हणेल त्यावर विश्वास ठेवा. आम्ही बूट एकदा भट्टीतून निघालो की बदलत नाही. वाढायचे काम पायाचे आहे, त्याला वाढू द्या. आणि या झाडाखालून जाताना हळू जा. आत पिल्ले आहेत.